देहदान नोंदणी: एका नास्तिकाचा अभिप्राय
देव आणि परलोक ही दोन्ही माझ्या हिशेबात नसल्यामुळे, आपल्या असण्याचा उपयोग कुठवर पुरतो या प्रश्नाला मला सापडलेले एक उत्तर म्हणजे देहदान, आणि त्यासाठी गेल्या महिन्यात एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात मी नोंदणी केली. शुल्क काहीही नव्हते. जवळच्या नातेवाइकांची संमती मात्र खरी महत्त्वाची, कारण मृत्यूनंतर देह पोहोचवायचा असतो तो त्यांनीच. दहावे-तेरावे होणार नाही म्हणून आई हळहळली, तरी तिने सही केली. शवविच्छेदन झालेला देह सहसा स्वीकारला जात नाही, परंतु साधारण 6 तासांच्या आत नेत्रदान करून नंतर देहही देता येतो, हे तेथील कर्मचाऱ्याने न कंटाळता समजावले. फॉर्मॅलिनच्या साहाय्याने टिकवलेल्या देहावर पहिल्या वर्षाचे विद्यार्थी शिकतात, हे ऐकल्यापासून माझे सकाळचे फिरणे (थोडे हास्यास्पद वाटेल) अधिक नेमाने होऊ लागले आहे. उणीव एकच: सुट्टीच्या दिवशी किंवा रात्री-अपरात्री कोणाला कळवायचे, तो दूरध्वनी क्रमांक देहदानाच्या ओळखपत्रावर छापलेला नव्हता, तो विचारून हाताने लिहून घ्यावा लागला.