मॅकॉन्की म्हणून गळ्यात मारलेली पावडर

जंतू वाढवायच्या पावडरीत 18,300 रुपये गेले. सांगायची लाज वाटते, पण परळी, सोनपेठ, गंगाखेड भागात माझ्यासारखे लघवीचे कल्चर लावणारे (लघवीतले जंतू वाढवून ओळखणारे) छोटे लॅबवाले आणखी आहेत, म्हणून लिहितोय.

मॅकॉन्की अगार म्हणजे प्लेटवर जंतू वाढवायचं माध्यम, पावडर मिळते. त्याच्या 500 ग्रॅमच्या सहा बाटल्या, 2,150 प्रमाणे 12,900. ईएमबी या तसल्याच दुसऱ्या माध्यमाच्या दोन, 2,700 प्रमाणे 5,400. विकणारा म्हणाला: बंद पडलेल्या लॅबचा सीलबंद माल, पुढच्या आठवड्यात भाव वाढणार, पक्कं बिल मागाहून, पैसे त्याच्या स्वतःच्या नंबरवर. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. मी मॅकॉन्कीची बाटली 3,480 ला घेत होतो. मे महिना, रोज तीसेक सॅम्पल, हाताखाली एकच पोरगी. 1,330 चा फरक दिसल्यावर कोण थांबलं असतं?

थांबायला हवं होतं. मी एक्सएलडी या आणखी एका माध्यमाचं विचारलं तेव्हा तो म्हणाला, “मिळेल ना सर, 15 मिनिटं ऑटोक्लेव्ह केलं की झालं.” एक्सएलडी ऑटोक्लेव्हला, म्हणजे दाबाच्या वाफेला, लावत नाहीत, नुसती उकळी आणतात, हे शिकाऊ पोरालाही ठाऊक असतं. मी ऐकलं आणि पैसे पाठवले.

आणि ते लेबल! पहिली बाटली फोडताना लेबलाचा कोपरा सुटलेला होता, खाली दुसऱ्या लेबलाची कड दिसत होती. मी काय केलं? अंगठ्यानं दाबून तो परत चिकटवला. नख लावून ओढलं असतं तर तिथंच सगळं उघडं पडलं असतं. तो अंगठा अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

प्लेटांवर बारीक लालसर वसाहती (जंतूंचे ठिपके) भरपूर यायला लागल्या. गुलाबी म्हणजे लॅक्टोज आंबवणारे, म्हणजे ई. कोलायच्या घरातले ग्राम-निगेटिव्ह जंतू, हे इतकं अंगवळणी पडलेलं की ग्राम स्टेन, म्हणजे जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं, टाळत गेलो. चूक माझी, पण विश्वासही त्या माध्यमावरच होता. मॅकॉन्कीत पित्तक्षार आणि क्रिस्टल व्हायोलेट असतात ते ग्राम-पॉझिटिव्हला अडवायलाच. शेवटी एका डॉक्टरांचा फोन आला: मधुमेहाच्या आजी, तुमच्या रिपोर्टप्रमाणे औषध दिलं, ताप हटत नाही. स्लाइड केली. जांभळे, म्हणजे ग्राम-पॉझिटिव्ह, गोल, द्राक्षाच्या घडासारखे. स्टॅफिलोकॉकस, आणि मी ग्राम-निगेटिव्ह लिहून दिलेलं.

त्या रात्री लेबल पाण्यात भिजवलं. खाली “क्रिस्टल व्हायोलेट विरहित” आणि मुदत 2021 ची. तसलं माध्यम असतं, त्याचा वापरही वेगळा असतो, पण त्यावर स्टॅफ आणि एन्टेरोकॉकाय हे ग्राम-पॉझिटिव्ह आरामात वाढतात. ईएमबीची पावडर ढेकळं झालेली, ओळखीच्या ई. कोलायला हिरवी धातूसारखी चमक येईना. 23 पेशंटचे कल्चर फुकट परत लावले, 450 प्रमाणे 10,350. एकूण 28,650.

नवी बाटली आली की आधी तपासणीसाठी मिळणारे ओळखीचे जंतू, एटीसीसी 25922 ई. कोलाय आणि 25923 स्टॅफ, लावून बघा. पहिला गुलाबी आला पाहिजे, दुसरा दबला पाहिजे. नुसतं “मॅकॉन्की” म्हणून ऑर्डर देऊ नका, प्रकार आणि कोड लिहून मागा.

पोलीस ठाण्यात अर्ज दिला तर साहेब म्हणाले, “अगार म्हणजे काय? आइस्क्रीममध्ये घालतात ते?” मग म्हणाले, “तुम्ही शिकलेले, तुम्हालाच कळलं नाही?” पावडर खराब निघाली, हा दिवाणी मामला, म्हणून बाहेर काढलं. दुसऱ्या कार्यालयात: हे औषध नाही, आमच्याकडे येत नाही. मुदत संपलेल्या मालावर नवी तारीख चिकटवलीय, पेशंटला चुकीचं औषध गेलंय, तरी येत नाही! ग्राहक तक्रारीच्या टेबलावर ऐकलं की धंद्यासाठी घेतलंत, तुम्ही ग्राहक नाही. पोटापाण्यासाठी स्वतः राबणाऱ्याला 2019 च्या कायद्यात सवलत आहे, ते कलम मी मोबाइलवर दाखवलं. बाई म्हणाल्या, वकील आणा. तीन चकरा, दर वेळी एसटीचं भाडं आणि बंद लॅब.

ब्लड अगारची, म्हणजे रक्त घातलेल्या माध्यमाची, प्लेट सोबत लावाच. दोन्हीकडे वाढलं तरी ग्राम स्टेन केल्याशिवाय सही करू नका. बिल नाही तर पैसे नाही.

आजी बऱ्या आहेत. मॅकॉन्कीच्या उरलेल्या पाच बाटल्या सीलसकट कपाटात ठेवल्यात, कुणी पुरावा मागेल म्हणून. परवा गंगाखेडच्या एका लॅबवाल्या मित्राला त्याच नंबरवरून फोन आला. भाव तोच, 2,150.