बंद ठेवलेला टीव्ही कळकतो : पाचपैकी चार तारे

देवबागात आमचं चार खोल्यांचं होमस्टे आहे. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी. पावसाळाभर खोल्या बंद असतात. गणपतीआधी उघडल्या तर दोन टीव्ही मुके. लाल दिवा लागायचा, पुढे काही नाही. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवाल्यानं मागचं झाकणही न काढता "बोर्ड बदला" म्हणत प्रत्येकी साडेसहा हजार सांगितले.

मग मालवण बाजारातल्या या टीव्ही दुरुस्तीच्या छोट्या गाळ्यात गेले. गाळेवाल्या काकांनी माझ्यासमोर बोर्ड बाहेर काढला आणि भिंग हातात दिलं. तांब्याच्या रेघांवर हिरवा थर, न घासलेलं ताम्हन कळकतं तसाच. आणि बोर्डावरच्या दोन धातूच्या पायांच्या मध्ये केसाहून बारीक, फांद्या फुटलेला एक तंतू.

मी म्हटलं, "अहो, चार महिने हातसुद्धा लावला नव्हता!"

"बंद ठेवल्यात म्हणान गेलो," काका म्हणाले.

वाऱ्यातलं मीठ धुळीबरोबर आत जाऊन बसतं. कोरडं असेपर्यंत ते फारसा त्रास देत नाही, पण हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच पाणी ओढतं. आषाढात आमच्याकडे काडेपेटीसुद्धा पेटत नाही, मग टीव्हीचं काय! रोज चालणारा सेट स्वतःच्या उबेनं आतून सुका राहतो. आमचे थंड पडलेले, आणि प्लग मात्र चालूच. स्टँडबायची थोडीशी वीज त्या खाऱ्या ओलीतून वाहते, एका पायाचा धातू विरघळवते आणि दुसऱ्या पायाकडे नेऊन साठवते. तो तंतू म्हणजे हाच धातू. दोन्ही पाय जोडले की शॉर्ट.

काकांनी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि टूथब्रशनं बोर्ड घासला, खाल्लेली रेघ बारीक वायरनं जोडली, गरम हवेनं सुकवला आणि वरून लाखेसारखा स्प्रे मारला. कनेक्टरांवर आधी चिकटपट्टी लावली होती, नाहीतर तिथे वीजच पोचणार नाही म्हणे. 900 रुपये. दुसऱ्या सेटचा पॅनेलच गेलेला, ते सरळ सांगितलं आणि तपासणीचे पैसे घेतले नाहीत.

एक तारा कापलाय, कारण "परवा या" असं तीनदा ऐकलं. देवबागहून मालवणला प्रत्येक फेरीत अर्धा दिवस जातो. शिवाय पावती मागितली तर कॅलेंडरच्या पानाच्या मागे लिहून दिली. फोन उचलत नाहीत, थेट जा, आणि दुपारी एक ते चार जाऊ नका.