वेस्ट्रिंजिया: ॲडलेडच्या कोरड्या बागेत दोन उन्हाळे काढल्यानंतर

दक्षिण ऑस्ट्रेलियातील ॲडलेड शहरात वर्षाकाठी साधारण ५५० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बराचसा मे ते सप्टेंबर या काळात. महिने आपल्या पावसाळ्याचेच असले तरी इथे ते थंडीचे असतात. डिसेंबर ते फेब्रुवारी हा उन्हाळा जवळजवळ कोरडाच जातो आणि उत्तरेकडून वाळवंटावरचा तापलेला वारा आला की पारा चाळिशी ओलांडतो. जानेवारी २०१९ मध्ये तर शहरात ४६.६ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. घराच्या पश्चिमेच्या कुंपणालगत अशा हवेत टिकेल, समुद्रावरून येणारा खारा वारा सोसेल आणि सतत पाणी मागणार नाही, असे झुडूप मला हवे होते. त्यासाठी वेस्ट्रिंजिया फ्रुटिकोसा लावले. त्याला आता दोन उन्हाळे झाले असल्याने त्याच्याविषयी काही ठामपणे सांगता येईल असे वाटते.

हे झुडूप मूळचे न्यू साउथ वेल्सच्या किनाऱ्यावरचे. सिडनीच्या आसपासच्या समुद्रकड्यांवर, जिथे लाटांचे तुषार थेट अंगावर येतात, तिथे ते आपोआप वाढते. रोपवाटिकांमध्ये त्याला ‘कोस्टल रोझमेरी’ म्हणतात, पण स्वयंपाकातल्या रोझमेरीचा वास किंवा स्वाद त्याला नाही. दोन्ही वनस्पती तुळशीच्याच कुळातल्या असल्या, तरी फांदी हातात घेतली की फरक लगेच कळतो. रोझमेरीची पाने समोरासमोर जोडीने येतात, तर वेस्ट्रिंजियाची पाने दांड्याभोवती बहुधा चारचारच्या वलयांत असतात. पान उलटून पाहिले की त्याच्या राखाडी रंगाचे कारण सापडते. वरची बाजू मळकट हिरवी आणि टणक, खालची बाजू मात्र दाट पांढुरक्या लवेने भरलेली, आणि दोन्ही कडा खाली मुडपलेल्या. या आडोशामुळे पानातून बाष्प कमी उडते. दुरून सगळे झुडूप चंदेरी दिसते ते या लवेमुळेच, आणि भर दुपारच्या उन्हात ते विशेष देखणे वाटते.

माझ्या अनुभवात सर्वांत निर्णायक ठरली ती लागवडीची वेळ. रोपे मी एप्रिलच्या शेवटी, पहिल्या सरी पडून गेल्यावर लावली. जमीन तेव्हा अजून उबदार असते, पुढे चार-पाच महिने पाऊस मिळतो आणि उन्हाळा येईपर्यंत मुळे खोल जातात. इथल्या मोठ्या दुकानांत ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, झुडूप फुलांनी लगडलेले असताना, त्याची सर्वाधिक विक्री होते. मात्र त्या वेळी लावलेल्या रोपाला लगेच कडक उन्हाळ्याला तोंड द्यावे लागते. ‘दुष्काळ सोसणारे’ हा लेबलवरचा शब्द मुरलेल्या झाडाला लागू पडतो, नव्या रोपाला नाही, हे विक्रेत्यांनी ठळकपणे सांगायला हवे. पहिल्या उन्हाळ्यात मी आठवड्यातून एकदा बुंध्याशी सावकाश, भरपूर पाणी दिले आणि लाकडाच्या भुग्याचे जाड आच्छादन घातले. आच्छादन खोडाला टेकू दिले नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात केवळ उष्णतेच्या लाटेपूर्वी पाणी दिले आणि झुडपांनी एकही फांदी टाकली नाही. त्याच कुंपणावरच्या गुलाबाची पाने त्या आठवड्यात कडेने करपली होती.

त्याचे वैरी पाणी नव्हे, तर साचलेले पाणी. आमच्या भागातली माती तांबूस, चिकण आणि चुनखडीची आहे. चुनखडीचा या झुडपाला त्रास झाला नाही, पण निचऱ्यासाठी मी वाफा वीतभर उंच करून घेतला होता. शेजारच्या घरी हेच झुडूप हिरवळीच्या कडेला आहे आणि हिरवळीच्या स्वयंचलित फवाऱ्यांचे पाणी त्याला रोज मिळते. तिथली दोन-तीन झुडपे ऐन उन्हाळ्यात एका बाजूने पिवळी पडून वाळली. उबदार, ओल्या मातीत मुळकूज फार लवकर पसरते. महाराष्ट्रात कुणाला हे लावून पाहायचे असेल, तर भारी काळ्या जमिनीत न लावता मुरमाड उतारावर किंवा मोठ्या कुंडीत लावावे, असे मी सुचवेन.

छाटणीला ते उत्तम प्रतिसाद देते, पण ती वेळेवर हवी. मोठा बहर ओसरल्यावर शेंडे खुडत गेले की आतून फुटवा येतो आणि झुडूप बुडापासून दाट राहते. वर्षानुवर्षे फक्त वरून कात्री फिरवली, तर बाहेर पानांचे कवच आणि आत नुसत्या काटक्या अशी अवस्था होते. अशा जुन्या, पाने नसलेल्या लाकडापर्यंत कापल्यास नवा फुटवा येईलच याचा भरवसा नसतो. खताची त्याला फारशी गरज नाही. मी वसंतात थोडे कंपोस्ट पसरवतो, तेवढे पुरते.

फुले लहान, पांढरी, घशापाशी जांभळट-तपकिरी ठिपके असलेली. वसंतात ती भरभरून येतात आणि उरलेले वर्षभर थोडीथोडी येत राहतात. निळ्या पट्ट्यांच्या स्थानिक मधमाश्या उन्हाळ्यात त्यांवर गुंजारव करत फिरतात. केवळ त्यांच्यासाठीही मी हे झुडूप पुन्हा लावेन. सुगंधाची अपेक्षा असेल, तर मात्र निराशा होईल.

निवड करताना जात नीट पाहून घ्यावी. मूळ जात दीड-दोन मीटर उंच आणि जवळपास तितकीच रुंद होते, त्यामुळे अरुंद पायवाटेच्या कडेला ती अडचणीची ठरते. तिथे ‘ग्रे बॉक्स’ ही बुटकी जात बरी, आणि उतार झाकण्यासाठी जमिनीलगत पसरणारी ‘मुंडी’. ‘विन्याबी जेम’ हा संकर फिकट जांभळ्या फुलांचा आहे, पण पानांचा चंदेरीपणा मला मूळ जातीतच अधिक आवडला. कुंपणासाठी नळीसारख्या लहान कुंडीतली स्वस्त रोपेच घ्यावीत, कारण माझ्याकडे त्यांनी मोठ्या कुंडीतल्या रोपांना वर्षाच्या आतच गाठले. दोन रोपांत पाऊण ते एक मीटर अंतर ठेवले की दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस फांद्या एकमेकींत मिसळतात.