कॅल्क्युलस दोन: पंधरा आठवड्यांचे सत्र आणि त्यानंतरचे सहा महिने

न्यू जर्सीत आमच्या काउंटीच्या कम्युनिटी कॉलेजात मी यंदा जानेवारी ते मे या काळात कॅल्क्युलस दोन हा चार क्रेडिटचा अभ्यासक्रम संध्याकाळच्या वर्गात पूर्ण केला. कॅल्क्युलस एक त्याआधीच्या सत्रात झाला होता आणि सप्टेंबरपासून कॅल्क्युलस तीन सुरू आहे. मला संख्याशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे आहे. त्यासाठी येथील अनेक विद्यापीठे हे तिन्ही कॅल्क्युलस आणि लिनिअर अल्जिब्रा आधी पूर्ण केलेले असावेत अशी अट घालतात. माझी बी.एस्सी. रसायनशास्त्रातली आणि बारावी १९९६ सालची, त्यामुळे सगळे नव्याने घेणे भाग होते. परीक्षा होऊन सहा महिने उलटल्यावर हा अनुभव लिहिते आहे, कारण सत्र संपले तेव्हा मी इतकी थकलेली होते की त्यातले काय टिकले आणि काय वाहून गेले याचा अंदाज मला तेव्हा आला नसता.

माझे मत आधीच सांगते. हा अभ्यासक्रम एका नावाखाली असला तरी प्रत्यक्षात ते दोन अभ्यासक्रम आहेत. पहिल्या आठ-नऊ आठवड्यांत इंटिग्रेशनच्या रीती आणि त्यांचे उपयोग असतात. तेथे हात चालावा लागतो. उरलेल्या काळात मुख्यतः अनंत श्रेणी, म्हणजे कधीच न संपणाऱ्या पदांच्या बेरजा असतात. तेथे निर्णय घ्यावा लागतो. महाराष्ट्रात बारावी विज्ञान शाखेतून झालेल्या माणसाला पहिला भाग ओळखीचा वाटतो आणि नेमकी तीच ओळख त्याला दुसऱ्या भागात अडचणीत आणते. माझ्या बाबतीत तसेच घडले.

पहिल्या भागाबद्दल फार तक्रार नाही. सब्स्टिट्यूशन, इंटिग्रेशन बाय पार्ट्स, त्रिकोणमितीय सब्स्टिट्यूशन, पार्शल फ्रॅक्शन्स हे सारे आपल्या बारावीत झालेले असते, आणि इतक्या वर्षांनंतरही ते हातात शिल्लक होते याचा मला मनापासून आनंद झाला. फरक होता तो मांडणीचा. आपण बाय पार्ट्सचे सूत्र 'पहिले गुणिले दुसऱ्याचे इंटिग्रेशन, वजा पहिल्याचे डेरिव्हेटिव्ह गुणिले दुसऱ्याचे इंटिग्रेशन, या सगळ्याचे इंटिग्रेशन' असे म्हणत म्हणत पाठ केलेले असते. येथे तेच 'यू डीव्हीचे इंटिग्रेशन बरोबर यूव्ही वजा व्ही डीयूचे इंटिग्रेशन' असे लिहितात. दोन्ही एकच आहेत, पण फळ्यावरचे वाचताना पहिले दोन आठवडे मी मनात भाषांतर करत होते. पहिल्या चाचणीत मी सवयीने नैसर्गिक लॉगरिदमसाठी नुसते 'लॉग' लिहिले. आपल्या पाठ्यपुस्तकात तसेच लिहीत असत; आमच्या वर्गात मात्र 'लॉग' म्हणजे पाया दहाचा, आणि नैसर्गिक असेल तर 'एलएन'. तीन उदाहरणांत गुण गेले. प्राध्यापिका बाईंना भेटून समजावून सांगितल्यावर त्यांनी पुढच्या वेळेपासून काळजी घ्यायला सांगितले, गुण मात्र परत दिले नाहीत. येथे येणाऱ्या प्रत्येकाने पहिल्याच दिवशी या खुणा नीट पाहून घ्याव्यात.

गृहपाठ एका ऑनलाइन प्रणालीवर द्यावा लागे आणि अंतिम गुणांत त्याला वीस टक्के वजन होते. या प्रणालीविषयी माझे मत चांगले नाही. साइन एक्स गुणिले कॉस एक्स याचे इंटिग्रेशन अर्धा साइन-वर्ग एक्स असे येते. वजा एक चतुर्थांश कॉस दोन एक्स असेही येते. दोन्ही उत्तरे बरोबर असतात, कारण त्यांच्यातला फरक ही एक स्थिर संख्या असते आणि ती शेवटच्या 'अधिक सी'मध्ये सामावते. प्रणालीने माझे पहिले उत्तर चूक ठरवले. मी रात्री अर्धा-पाऊण तास स्वतःची चूक शोधत बसले आणि ती सापडली नाही, कारण ती नव्हतीच. दुसऱ्या दिवशी वर्गातील आणखी चौघांनी हेच सांगितल्यावर बाईंनी ते गुण हाताने भरले. ज्या विद्यार्थ्याचा मुळात आत्मविश्वास कमी आहे, त्याच्यावर अशा यंत्राच्या नकाराचा काय परिणाम होतो, याचा विचार हा गृहपाठ निवडणाऱ्यांनी करायला हवा असे मला ठामपणे वाटते.

पुस्तकाच्या बाबतीत मात्र आम्ही सुदैवी होतो. राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्स उपक्रमाचे पुस्तक लावलेले होते. ते इंटरनेटवर मोफत मिळते आणि त्याच्या दुसऱ्या खंडात हाच सारा अभ्यासक्रम आहे. घनफळ, वक्राची लांबी, टाकीतले पाणी उपसायला लागणारे कार्य ही प्रकरणे मी त्यावरूनच केली. ती सरळ आहेत. आकृती नीट काढली तर अडत नाही.

मार्चच्या अखेरीस श्रेणींचे प्रकरण सुरू झाले आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. आपल्या अकरावीत अनंत भूमितीय श्रेढीची बेरीज येते, पण एखाद्या अनंत श्रेणीला मुळात बेरीज आहे की नाही, हा प्रश्न आपल्याला कोणी विचारलेला नसतो. येथे तोच मुख्य प्रश्न आहे. बेरीज एका ठरावीक संख्येकडे जात असेल तर श्रेणी अभिसारी, नाही तर अपसारी. हे ठरवण्यासाठी सात-आठ कसोट्या शिकवतात आणि कोणत्या श्रेणीला कोणती लावायची हे कोठेही लिहिलेले नसते.

एक अधिक एक-द्वितीयांश अधिक एक-तृतीयांश अशी जाणारी हार्मोनिक श्रेणी घ्या. पदे लहान लहान होत शून्याकडे जातात, म्हणून बेरीज कोठे तरी थांबेल असे वाटते. पहिल्या १०० पदांची बेरीज ५.१९ च्या आसपास येते, १,००० पदांची ७.४९ च्या आसपास, आणि १० ओलांडायला १२,३६७ पदे लागतात. मी हे स्प्रेडशीटमध्ये करून पाहिले. आकडे पाहून कोणीही म्हणेल की ही श्रेणी थकत चालली आहे. तरीही ती अपसारी आहे. १/३ आणि १/४ मिळून अर्ध्याहून जास्त होतात, १/५ ते १/८ मिळून पुन्हा अर्ध्याहून जास्त, पुढची आठ पदे मिळूनही अर्ध्याहून जास्त. असे अर्धे कधीच संपत नाहीत, म्हणून बेरीजही कोठे थांबत नाही. फ्रान्समधील ओरेम यांनी १४ व्या शतकात दिलेली ही सिद्धता बाईंनी चार ओळींत लिहिली, तेव्हा वर्गात शांतता पसरली होती. आणि पदे थोडीच बदलून १/१, १/४, १/९, १/१६ अशी वर्गांची श्रेणी घेतली की ती अभिसारी होते. तिची बेरीज पायचा वर्ग भागिले ६, म्हणजे सुमारे १.६४५, हे ऑयलर यांनी १७३४ च्या सुमारास शोधले. या दोन श्रेणींमधला फरक मनात पक्का झाल्याशिवाय पुढे जाऊ नये, हे माझे या अनुभवातले सर्वांत पहिले सांगणे आहे.

मी मात्र पुढे गेले. तिसऱ्या परीक्षेत एक श्रेणी होती: वर एन, खाली एनचा घन अधिक एक. मला रेशो टेस्ट, म्हणजे लागोपाठच्या दोन पदांचे गुणोत्तर पाहणारी कसोटी, सर्वांत चांगली येत होती, म्हणून ती लावली. पानभर बीजगणित केल्यावर लिमिट एक आले, आणि एक आले की ती कसोटी काहीच सांगत नाही. पुन्हा करून पाहिले, पुन्हा एक. बारा मिनिटे त्यात गेली. खरे तर एन मोठा झाला की ते पद १ भागिले एन-वर्ग यासारखे वागते, हे एका नजरेत दिसायला हवे होते. मग लिमिट कंपॅरिझन, म्हणजे अशा ओळखीच्या श्रेणीशी तुलना, हे दोन ओळींचे काम आहे. फॅक्टोरियल किंवा घातांकात एन दिसला तर रेशो टेस्ट, नुसते बहुपदींचे अपूर्णांक असतील तर तुलना, चिन्हे आलटून-पालटून येत असतील तर आल्टरनेटिंग टेस्ट, हा विवेक मला परीक्षेनंतरच्या आठवड्यात आला. त्या परीक्षेत मला ६८ गुण मिळाले.

तो विवेक येण्यात एका मुलाचा मोठा वाटा आहे. माझ्या शेजारी बसणारा एकोणीस वर्षांचा एक मराठी मुलगा शाळेतच एपी कॅल्क्युलस बीसी हा कॉलेजच्या पातळीचा अभ्यासक्रम करून आला होता, परंतु त्याच्या परीक्षेतील गुण कॉलेजला पुरेसे वाटले नव्हते. बीसीच्या अभ्यासक्रमात त्रिकोणमितीय सब्स्टिट्यूशन नसते. ते मी त्याला बाजूला काटकोन त्रिकोण काढून शिकवले. श्रेणी मात्र त्याच्या पक्क्या होत्या. "काकू, कसोटी नंतर. आधी पद शून्याकडे जातंय का ते बघा, आणि मग ते कुणासारखं दिसतंय ते बघा," असे तो प्रत्येक उदाहरणाला म्हणायचा. दर शनिवारी सकाळी काउंटीच्या ग्रंथालयात आम्ही तीस-तीस श्रेणींची यादी घेऊन बसत असू. त्या सोडवायच्या नाहीत, फक्त कोणती कसोटी लावणार आणि का एवढेच सांगायचे. तीन शनिवारांनंतर माझी भीती गेली. कॉलेजने हा सराव वर्गातच करून घ्यायला हवा होता. त्यासाठी वेळ नव्हता, कारण श्रेणींना मिळालेल्या साडेचार आठवड्यांपैकी अडीच आठवडे कसोट्यांच्या ओळखीतच गेले.

आल्टरनेटिंग श्रेणींच्या तासाला १ वजा १/३ अधिक १/५ वजा १/७ ही श्रेणी आली. तिची बेरीज पाय भागिले ४. पुस्तकात तिच्याशी लाइब्निट्स यांचे नाव जोडलेले असते, पण केरळातील संगमग्रामच्या माधवांच्या परंपरेत ती त्यांच्या सुमारे अडीचशे वर्षे आधी माहीत होती. बाईंनी तेही सांगितले, याचे मला समाधान वाटले. ही श्रेणी अतिशय सावकाश चालते. मी ५०० पदे घेऊन चारने गुणले तर ३.१३९५९ आले, म्हणजे दुसऱ्या दशांश स्थळीच चूक. केरळच्या गणितज्ञांनी यावर उपाय म्हणून शेवटी जोडायची दुरुस्ती शोधली होती. तिचे सर्वांत साधे रूप म्हणजे एन पदांनंतर १ भागिले ४एन. चारने गुणल्यावर ती ५०० पदांसाठी ०.००२ होते. ती मिळवली आणि स्प्रेडशीटच्या त्या चौकटीत ३.१४१५९२६५५६ दिसू लागले, पहिली आठही दशांश स्थळे बरोबर. रात्रीचे साडेअकरा झाले होते, घरातले सगळे झोपले होते, आणि मी तो आकडा कितीतरी वेळ पाहत बसले होते.

एप्रिलच्या मध्यावर टेलर श्रेणी, म्हणजे एखादे फलन एक्सच्या वाढत्या घातांच्या अनंत बेरजेत लिहिण्याची रीत, आल्या आणि मी हा अभ्यासक्रम का घेतला याचे उत्तर मला तेथे मिळाले. ई चा वजा एक्स-वर्ग हा घात घेतला की संख्याशास्त्रातल्या घंटेच्या आकाराच्या वक्रामागचे फलन मिळते. पहिल्या भागात शिकलेली एकही रीत त्याच्या इंटिग्रेशनला लागू पडत नाही, कारण ते नेहमीच्या फलनांत लिहिताच येत नाही. श्रेणीत मात्र ते शाळकरी गणित होते. शून्य ते एक या मर्यादांत उत्तर १ वजा १/३ अधिक १/१० वजा १/४२ अधिक १/२१६ वजा १/१,३२० असे चालते. सहा पदांना ०.७४६७३ येते, सातव्या पदाला ०.७४६८४, आणि खरी किंमत ०.७४६८२ या दोहोंच्या मध्ये. संख्याशास्त्राच्या पुस्तकांमागे जे कोष्टक छापलेले असते आणि जे मी बी.एस्सी.ला कोणताही प्रश्न न विचारता वापरले होते, त्यातला आकडा कसा काढता येतो हे मला पहिल्यांदा स्वतःच्या हाताने करून कळले.

शेवटच्या दोन आठवड्यांत पॅरामेट्रिक समीकरणे आणि पोलर निर्देशक (बिंदूची जागा अंतर आणि कोन यांनी सांगण्याची पद्धत) उरकण्यात आले. याचा फटका आता कॅल्क्युलस तीनमध्ये बसतो आहे, कारण डबल इंटिग्रेशनमध्ये पोलर निर्देशक पदोपदी लागतात आणि मला ते ऑक्टोबरमध्ये पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागले. टेलर श्रेणी मात्र पक्की टिकली. त्रिकोणमितीय सब्स्टिट्यूशनची सूत्रे बरीचशी विसरले आहे आणि सहा महिन्यांत त्यावाचून फारसे अडलेलेही नाही.

घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी एवढेच सांगते. वर्गाबाहेर आठवड्याला दहा-बारा तास हाताशी नसतील तर हा अभ्यासक्रम पुढे ढकलावा. उन्हाळी सत्रात हाच अभ्यासक्रम सहा आठवड्यांत देतात. नोकरी किंवा घर सांभाळणाऱ्याने तो तसा घेऊ नये, कारण श्रेणी मुरायला दिवस लागतात. कॉलेजच्या ट्यूटरिंग सेंटरमध्ये फेब्रुवारीपासूनच जावे, एप्रिलमध्ये तेथे जागा मिळत नाही. आणि बारावीचे इंटिग्रेशन हातात असेल तर डिसेंबरच्या सुट्टीत त्याची उजळणी करत बसू नये. तो वेळ श्रेणींच्या प्रकरणाची पहिली दोन उपप्रकरणे वाचण्यात आणि हार्मोनिक श्रेणीची ती चार ओळींची सिद्धता न पाहता लिहिता येईपर्यंत लिहिण्यात घालवावा.