लो शुगरसाठी कुत्रं घ्यावं का सेन्सर? परभणीत बसून केलेला हिशोब

मागच्या महिन्यात मानवतच्या एका ताईंचा फोन आला. त्यांच्या लेकराला टाइप 1 डायबेटिस, वय 9 वर्षं, आणि रात्री शुगर खाली गेली तर त्याला स्वतःला काहीच कळत नाही, ना घाम ना थरथर, गप झोपून राहतं. कुणीतरी त्यांना परदेशातलं एक रील दाखवलं, कुत्रं लेकराला हुंगतं आणि आईला उठवतं. "तुमच्याकडं कुत्रं पण आहे आणि पोरीला सेन्सर पण आहे, तुम्हीच सांगा काय घेऊ." अर्धा तास बोललो तरी अर्धं राहिलंच, म्हणून आता सगळं एकदाच लिहिते.

माझं मत आधीच सांगून टाकते. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर अलार्मवाला सेन्सर, म्हणजे दंडावर राहून सारखी शुगर मोजणारं छोटं यंत्र, घ्या, कुत्र्याचं नंतर बघू. आता का ते वाचा, कारण सेन्सरवाले सांगतात तेवढा तो पण सरळ नाही आणि कुत्रं पण रीलमधल्यासारखं नसतं.

आधी कुत्र्याचं. "जगात जर्मनी, भारतात परभणी" आपण हौसेनं म्हणतो, पण या बाबतीत जर्मनी लैच पुढं निघून गेली. पहिल्या महायुद्धात डोळे गेलेल्या सैनिकांसाठी कुत्रे तयार करायची शाळा तिथं ओल्डेनबर्गला 1916 लाच निघाली. आपल्याकडं पशुवैद्यकीय कॉलेज आहे, कुत्रं आजारी पडलं तर मी तिथंच नेते, पण आजारी माणसासाठी कुत्रं शिकवणं हे वेगळंच काम आहे. शुगर ओळखणारं कुत्रं कसं तयार करतात तर पेशंटची शुगर लो असताना घामाचे, श्वासाचे नमुने कापसावर घेऊन डीप फ्रीजमध्ये ठेवतात, मग कुत्र्याला तोच वास ओळखायला शिकवतात आणि ओळखला की खाऊ देतात, आणि हे दीड-दोन वर्षं चालतं. वास येतो ही थाप नाही. केंब्रिजच्या लोकांनी 2016 मध्ये दाखवलं की शुगर उतरली की श्वासात आयसोप्रीन नावाचा पदार्थ वाढतो, कुत्रं बहुतेक तेच हुंगत असावं.

आता किती पकडतं? 2019 मध्ये ब्रिटनमध्ये शिकवलेल्या 27 कुत्र्यांचा अभ्यास छापून आला. लो शुगर ओळखण्याचा त्यातला मधला आकडा 83 टक्के होता, हाय शुगरचा 67. आणि हा मधला आकडा आहे बरं का, म्हणजे काही कुत्रे फार चांगले आणि काही बरेच खाली. आणि हे सगळं नीट संस्थेतून निवडून, शिकवून, तपासून दिलेल्या कुत्र्यांचं. मग तुमच्या गल्लीतला ट्रेनर तीन महिन्यांत शंभर टक्के गॅरंटी देत असेल तर समजून घ्या.

आम्ही नाही समजून घेतलं. एका ट्रेनरला अॅडव्हान्स दिला, त्यानं तीन महिने आमचा लॅब, म्हणजे लॅब्राडोर कुत्रा, ठेवून घेतला आणि परत आणून दिला तेव्हा तो बसायला, हात द्यायला, पट्ट्यात चालायला एकदम भारी शिकला होता. वासाचं विचारलं तर म्हणे पंजा मारतो ना, तोच अलर्ट. पंजा तो बिस्किट दिसलं तरी मारायचा. मी विचारलं, कितीदा खरं निघालं, वही आहे का? वही नव्हती. पैसे गेले ते गेले, त्यावर घरात दोन महिने रामायण झालं ते वेगळंच. आणि हे आपल्याकडंच होतं असं पण नाही, अमेरिकेत व्हर्जिनिया राज्याच्या अॅटर्नी जनरलनी 2018 मध्ये असे डायबेटिसचे कुत्रे विकणाऱ्या एका कंपनीवर केस टाकली होती, पूर्ण शिकवलेलं म्हणून हजारो डॉलर घेऊन साधी पिल्लं दिली असा आरोप होता.

मग परदेशातूनच आणावं का? तिथल्या चांगल्या संस्था बहुतेक त्यांच्याच देशातल्या, नाहीतर जवळपासच्याच लोकांना कुत्रं देतात, कारण नंतर वर्षानुवर्षं येऊन तपासायचं असतं. अमेरिकेत एका कुत्र्यामागं वीस-पंचवीस हजार डॉलर सहज लागतात. इकडं आणायचं तर अॅनिमल क्वारंटाइनची एनओसी, आणि सामानासोबत पाळीव प्राणी आणायची सवलत आहे ती परदेशात राहून कायमचं परत येणाऱ्यांसाठी. तुमचा भाऊ-जाऊ तिकडं असेल तर विचारा, नाहीतर हा रस्ता सोडा. आणि समजा आलंच तर ते थंड हवेतलं कुत्रं आपल्या 43 डिग्रीत काय वास घेणार, मे महिन्यात आमचा लॅब दुपारभर मोरीत ओल्या फरशीवर पडून असतो, सकाळी सातच्या आत फिरवला नाही तर डांबरानं पंजे भाजतात. त्यात गोचीड. गोचीड ताप आला की पंधरा दिवस कुत्रंच पेशंट.

सेन्सरची बाजू आता. दंडाला चिकटवायचा, चौदा-पंधरा दिवस चालतो, एक साधारण पाच हजाराच्या आसपास पडतो, म्हणजे महिन्याला दहा आणि वर्षाला सव्वा लाख. हे ऐकून ताई गप झाल्या. मी म्हणलं, कुत्र्याचं खाणं, लसी, डॉक्टर धरून आमचे पण महिन्याला चार-साडेचार हजार जातात, फक्त ते थोडे-थोडे जातात म्हणून टोचत नाहीत. घेताना एक नक्की विचारा, अलार्म आपोआप वाजतो का. जुन्या मॉडेलला आपण स्वतः स्कॅन केल्याशिवाय काही कळायचं नाही, मग रात्री झोपलेल्या लेकराला त्याचा काय उपयोग.

त्याच्या पण खोडी आहेत. तो रक्तातली शुगर मोजत नाही, कातडीखालच्या पाण्यातली मोजतो, म्हणून दहा-पंधरा मिनिटं मागं असतो, शुगर भराभर उतरत असली की हे जाणवतं. लेकरू त्याच कुशीवर झोपलं की दाबला जाऊन उगाच लो दाखवतो, आणि तुम्ही रात्री दोनला धावत जाता तर बोटातून 110, म्हणजे एकदम ठीक. घामानं निघतो, वरून टेप लावावा लागतो. अलार्म फोनवर वाजतो, म्हणून फोन त्याच खोलीत पाहिजे आणि चार्ज पाहिजे. पण तो झोपत नाही, त्याला ऊन लागत नाही, शेजारची मांजर बघून लक्ष जात नाही. कुत्र्यात आणि त्याच्यात माझ्यासाठी फरक तिथंच पडला.

तिसरा पर्याय कुणी मोजतच नाही, तो म्हणजे आई. रात्री 2 चा गजर, बोट टोचायचं, स्ट्रिप, परत झोप. मी चार वर्षं केलं. स्वस्त आहे म्हणतात लोक.

बाहेर न्यायचं म्हणाल तर कुत्रं इथं फारच मागं पडतं. अमेरिकेत कायद्यानं सर्व्हिस डॉगला हॉटेलात, दुकानात नेता येतं, दुकानदार फक्त दोन प्रश्न विचारू शकतो, हे अपंगत्वामुळं लागणारं कुत्रं आहे का आणि त्याला कोणतं काम शिकवलंय. सर्टिफिकेट मागू शकत नाही, म्हणून नेटवर विकतात ती सर्टिफिकेटं आणि जॅकेटं तिकडं पण कागदच. आपल्या 2016 च्या दिव्यांग कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यात टाइप 1 डायबेटिस नाही, म्हणजे त्या आजारावर कार्ड पण निघत नाही. एसटीत कंडक्टरला काय सांगणार? रेल्वेत कुत्रं सोबत न्यायचं तर फर्स्ट एसीचा कूपे नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी, आणि आमच्या मुंबईच्या तपोवन एक्स्प्रेसला फर्स्ट एसीच नाही. आमची पोरगी आता नीट परीक्षेच्या तयारीसाठी लातूरला चालली, हॉस्टेलवाल्या मावशींना कुत्र्याचं नुसतं विचारलं तर त्या माझ्याकडंच बघत राहिल्या. सेन्सर बाहीखाली जातो. परीक्षेत डायबेटिसवाल्या लेकरांना साखरेच्या गोळ्या आणि फळ न्यायला परवानगी असते, ते आधीच माहितीपत्रकात वाचून ठेवा.

मग आम्ही कुत्रं का ठेवलं? कारण वासाचा नाद सोडून त्याला दुसरी कामं शिकवली, आणि ती साधा चांगला ट्रेनर पण शिकवू शकतो. सेन्सरचा अलार्म वाजला की माझ्या पलंगाशी येऊन पांघरूण ओढायचं. ग्लुकोजचा लाल डबा तोंडात धरून पोरीकडं न्यायचा. हे त्याला दोन-तीन महिन्यांत जमलं, आणि मी गाढ झोपते त्यामुळं फोनपेक्षा तोच उपयोगाचा. वासाचं पण वहीत लिहिते, नियम एकच, त्यानं पंजा मारला की बोट टोचायचं, खरं निघालं का खोटं ते लिहायचं, आणि त्यानं सोडलेले लो पण लिहायचे, लोक हे शेवटचं लिहीत नाहीत. एकदा त्यानं 58 ला उठवलं, सेन्सरच्या आधी. एकदा 49 ला शेजारी घोरत होता. कुत्र्याच्या पंजावर इन्सुलिन द्यायचं नाही, कधीच नाही. 70 च्या खाली असेल तर 15 ग्रॅम साखर, 15 मिनिटांनी परत चेक, आणि लेकरू शुद्धीत नसेल तर तोंडात काही ओतायचं नाही, सरळ दवाखाना.

फिट्सवाल्यांनी पण मला विचारलंय, त्यांचं थोडं वेगळं आहे. फिट आली की भुंकून माणूस बोलावणं, शेजारी थांबणं हे शिकवता येतं. फिट यायच्या आधी सांगणं मात्र कुणी गॅरंटीनं शिकवू शकत नाही, काही कुत्र्यांना आपोआप जमतं. 2019 मध्ये फ्रान्सच्या संशोधकांनी दाखवलं की फिटच्या वेळचा वास कुत्रे ओळखतात, पण तिथं पाचच कुत्रे होते. आणि कांदा-चप्पल हुंगवणाऱ्या काकांना मात्र लांब ठेवा, वास कुत्र्यानं घ्यायचा असतो, पेशंटनं नाही.

मानवतच्या ताईंनी शेवटी सेन्सर घेतला, दोन महिने लावून बघते म्हणाल्या. पिल्लू पण घ्यायचंच आहे लेकराच्या हट्टासाठी, तर मी म्हणलं गावातलंच घ्या, उन्हाला टिकतं, आणि लाल डबा आत्ताच आणून ठेवा.