सिंहगड रोडवर भाड्याची खुर्ची घेतली त्याला ११ महिने झाले, माझा रिव्ह्यू

चार स्टार देतेय. सलूनचं नाव नाही लिहिणार कारण हा रिव्ह्यू गिऱ्हाइकासाठी नाहीये, माझ्यासारख्या ज्या मुली दुसऱ्याच्या सलूनमध्ये खुर्ची भाड्याने घ्यायचा विचार करतायत त्यांच्यासाठी आहे. मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न एकच, की ताई रेट आपले लावायचे का त्यांचे?

आधीचं थोडं सांगते म्हणजे कळेल मी या गोष्टीवर एवढी का अडून बसते. याच्या आधी मी दुसऱ्या एका ठिकाणी टक्केवारीवर होते, साठ त्यांचे चाळीस माझे. कारागिरी माझी, गिऱ्हाईक बरीचशी माझीच, पण रेट ठरवणार ते आणि ऑफर लावणार पण तेच. केराटिन, म्हणजे केस मऊ आणि सरळ करायची ट्रीटमेंट, ५,००० चं, दिवाळीच्या आधी बोर्ड लागला अर्ध्या किमतीत, मला कुणी विचारलं पण नाही. २,५०० मधून आधी मटेरियलचे ९०० काढले, उरले १,६००, त्याचे चाळीस टक्के ६४० रुपये, आणि काम चार तासांचं, पाठ मोडून. डिस्काउंट त्यांनी दिलं पण गेलं माझ्या हातातून. त्या दिवशी घरी येऊन ठरवलं की आता जिथे बसेन तिथे माझा रेट मी सांगेन.

मग मागच्या जूनमध्ये हे सलून मिळालं. पाच खुर्च्या, त्यातली खिडकीजवळची माझी, ट्रॉली, आरसा, खाली एक कुलपाचं कपाट, केस धुवायची बेसिनवाली बॅकवॉश खुर्ची दोन. सलून चालवणाऱ्या मॅडम पहिल्याच भेटीत म्हणाल्या, "हे बघ, तुझे रेट तू लाव, मला माझ्या भाड्याशी मतलब." मला इतकं बरं वाटलं की बाकी काही विचारायचं सुचलंच नाही, आणि तिथेच माझं चुकलं. भाडं १५,००० सांगितलं होतं. पहिल्या महिन्याचं बिल आलं १७,७०० चं. सलून जीएसटीमध्ये रजिस्टर्ड आहे, जागा वापरायला देण्यावर १८ टक्के लागतो. मी रजिस्टर्ड नाही, माझा धंदा वर्षाला २० लाखांच्या खूप खाली आहे, त्यामुळे ते २,७०० मला कुठून परत मिळत नाहीत, सरळ खर्चातच जातात. मॅडमनी फसवलं असं नाही म्हणणार, त्यांनी कागदावर लिहिलं होतं, मी वाचलं नाही. तुम्ही मात्र भाडं विचारताना जीएसटी धरून का सोडून, हे पहिलं विचारा.

आता रेट कसे काढले ते. मी आधी सगळे करतात तेच केलं, आजूबाजूच्या तीन सलूनचे रेट बघितले आणि मधला आकडा लावला. हेअरकट वॉश आणि ब्लो ड्राय धरून ४५०. दोन महिने खुर्ची भरलेली होती, हात रिकामा नव्हता आणि तरी महिन्याच्या शेवटी गल्ल्यात काही उरेना. मग एका सोमवारी, आमचा बंद असतो तेव्हा, वही घेऊन बसले. भाडं १७,७००. टॉवेल धुवायला १,८००. पेट्रोल २,५००. शॅम्पू, कंडिशनर, डिस्पोजेबल केप, नेक स्ट्रिप वगैरे ३,०००. कात्रीला धार, फोन, सटरफटर १,०००. झाले २६,०००. महिन्याचे कामाचे दिवस २६, म्हणजे मी सकाळी शटरच्या आत पाऊल टाकलं की हजार रुपये गेलेच. दिवसभर उभी असले तरी ज्याचे पैसे मिळतात असे तास सरासरी चारच निघाले, बाकी वेळ वाट बघण्यात, साफसफाईत, फोनवर. म्हणजे तासाला अडीचशे नुसता खर्च. घरी ३५,००० न्यायचे असतील तर त्याचे तासाला अजून ३३५ च्या आसपास. आणि मी साडेचारशेत एक तासाचं काम करत होते! शेजारच्या सलूनचा रेट हा त्यांच्या भाड्याचा आणि त्यांच्या पगारांचा हिशोब असतो, त्यात माझा खर्च कुठे बसतो?

तेव्हापासून कट ६५०. बाई असो की पुरुष, मी वेळेवर लावते, अर्ध्या तासाचा कट असेल तर ३५०, तासाचा असेल तर ६५०, कारण बॉयकट करणाऱ्या बाईकडून जास्त आणि खांद्यापर्यंत केस असलेल्या पोराकडून कमी घ्यायचं हे मला कधीच पटलं नाही. कलरचं तर केसांच्या लांबीवर शॉर्ट-मीडियम-लाँग असे रेट बंदच केले. घरातला छोटा वजनकाटा आणून ठेवलाय, रूट टचअपला, म्हणजे नुसत्या मुळांना कलर करायला, साधारण ३० ग्रॅम कलर जातो आणि माझ्या ब्रँडला दीडपट डेव्हलपर (कलरमध्ये मिसळायचं क्रीम) म्हणजे ४५ ग्रॅम, ते गिऱ्हाइकासमोर मोजते आणि मटेरियलचे वेगळे, माझ्या वेळेचे वेगळे असे लावते. दाट केसांच्या एक काकू आहेत त्यांना आधी वाटलं मी लुटतेय, काटा बघितल्यावर त्यांनीच पुढच्या वेळी बहिणीला आणलं. कलर लागायला ठेवला की ती पस्तीस मिनिटं मी दुसरा कट घेते, म्हणून त्या वेळेचे पैसे मी कलरमध्ये धरत नाही. केराटिनला ५०० ॲडव्हान्स यूपीआयवर, चार तास अडवून कुणी आलंच नाही तर माझा दिवस गेला.

जुन्या लोकांना एक महिना आधी व्हॉट्सॲपवर मेसेज टाकला की अमुक तारखेपासून हे रेट. साठेक जणी होत्या, नऊ जणी परत आल्या नाहीत. त्यातल्या दोघी खूप जवळच्या होत्या, वाईट वाटलं, अजून वाटतं.

आता सलूनबद्दल, म्हणजे तुझे रेट तू लाव या वाक्याचं प्रत्यक्षात काय झालं ते. मी रेट वाढवल्यावर पहिले काही महिने रिसेप्शनवरची मुलगी फोनवर सगळ्यांना सलूनचेच रेट सांगायची. माझं नाव घेऊन फोन आला तरी ४५० सांगायची, तिचा काय दोष, तिच्यासमोर एकच कार्ड. मग गिऱ्हाईक खुर्चीत बसल्यावर मी ६५० म्हटलं की तोंड बघण्यासारखं. त्यात दारात बोर्ड, "बुधवारी सर्व हेअर सर्व्हिसेसवर ३०% सूट". सर्व म्हणजे माझ्या पण, असं कुणालाही वाटणारच ना. एका बुधवारी एक बाई बोर्डाचा फोटो दाखवून भांडल्या, मी शेवटी ४५५ घेतले आणि संध्याकाळी मॅडमना सांगितलं की माझा रेट माझा असेल तर तो दारापासून माझा पाहिजे, नुसता खुर्चीपाशी असून उपयोग नाही.

मॅडम थोड्या चिडल्या, म्हणाल्या, "अगं पण एकाच छताखाली दोन रेट, लोक गोंधळतात, तूच थोडं खाली ये ना." मी नाही आले. मी वही दाखवली, तीच सगळ्या खर्चाची. त्यांनी पाच मिनिटं शांतपणे बघितली, मग म्हणाल्या, "टॉवेलला एवढे देतेस? आमच्या लाँड्रीवाल्याला दे." आणि त्या दिवसापासून गोष्टी बदलल्या, त्यासाठी माझे चारातले दोन स्टार एकट्या मॅडमना आहेत. बोर्डावर "खुर्ची क्र. ५ सोडून" असं आलं. माझ्या आरशावर माझं छोटं रेटकार्ड, माझा क्यूआर, माझी अपॉइंटमेंट डायरी. माझ्या नावाने फोन आला की रिसेप्शनवरून माझा नंबर देतात, रेट मीच सांगते. वॉक-इन आलं तर ते सलूनचं, त्यांच्याकडे हात मोकळा नसेल तरच माझ्याकडे, आणि बसायच्या आधी रेट सांगून.

एक गोष्ट माझ्याकडून पण चुकली होती. मी आयब्रो सलूनपेक्षा वीस रुपये कमी घ्यायचे, जुन्या ओळखीच्या बायका म्हणून. तिथे पगारावर असलेली एक मुलगी एकदा हळूच म्हणाली, "ताई, तुम्ही कमी लावता ना, मग माझ्याकडे कुणी बसत नाही, माझा इन्सेंटिव्ह जातो." मला फार लागलं ते. रेट आपला असला तरी शेजारच्या खुर्चीवर कुणाचं तरी पोट आहे हे मला तोवर सुचलं नव्हतं. मी थ्रेडिंग बंदच केलं, आता सगळं तिच्याकडे पाठवते.

सप्टेंबरमध्ये अजून एक घोळ झाला तो पण सांगते. २२ सप्टेंबर २०२५ पासून सलूनच्या सर्व्हिसवरचा जीएसटी १८ चा ५ टक्के झाला. तोपर्यंत माझ्या जुन्या लोकांना माझ्याकडे टॅक्स नाही याचं अप्रूप होतं, तो फरक एकदम कमी झाला आणि काहीजणी विचारायला लागल्या की सगळीकडे कमी झालं, तुमचं का नाही. अहो माझ्याकडे नव्हताच तर कमी काय करू? हे वीस वेळा समजावलं, शेवटी कार्डावरच खाली लिहून टाकलं, "लिहिलेली रक्कम हीच अंतिम रक्कम".

श्रावणात मॅडमनी न मागता ३,००० सोडले, हे मी विसरणार नाही. माझ्याकडे पुरुष गिऱ्हाईक बरंच आहे आणि अख्खा महिना कुणी केसाला कात्री लावत नाही, मग गौरी-गणपतीच्या आधी चार दिवस बसायला जागा नसते. रेट काढताना श्रावण आणि पितृपक्ष धरून वर्षाचा हिशोब करा, नुसत्या लग्नसराईचा आकडा बघून रेट लावाल तर ऑगस्टमध्ये रडाल.

जागेबद्दल थोडक्यात, एसी चांगला, आरशाचा लाइट पांढरा असल्यामुळे कलरचा शेड खरा दिसतो, खुर्चीचा पंप हळूहळू खाली बसतो तो दोनदा सांगून झालाय. पार्किंग नाही.

पाचवा स्टार पाण्याचा गेला. एप्रिलपासून टँकर आहे, आठवड्यातून एखाद्या दिवशी तो येतच नाही आणि त्या दिवशी ना वॉश ना कलर, माझं अर्धं काम बंद, पण खुर्चीचं भाडं चालू. शिवाय टँकरचं पाणी जड, लाल शेड तीन आठवड्यांत फिका पडतो आणि गिऱ्हाईक मला धरतं. मी लाल आणि कॉपरवर आता एक मोफत ग्लॉस, म्हणजे रंग आणि चमक परत आणणारा हलका कोट, देते, तो खर्च पण रेटमध्ये धरलाय, नाइलाज आहे.

११ महिन्यांचा करार संपतोय. मॅडमचा गाळा स्वतःचा नाही, त्यामुळे मूळ मालकाची लेखी परवानगी असल्याशिवाय कुठेही सही करू नका, मी मागच्या वेळी ती बघितली होती आणि या वेळी पण मागितली आहे. नव्या कागदात रेट, ऑफर आणि फोन यांचं जे आमचं तोंडी ठरलंय ते सगळं लिहून घेतेय. पाणी नसेल त्या दिवसाचं भाडं कापायचं हे पण टाकलंय. मॅडम म्हणाल्या विचार करून सांगते, शुक्रवारी बसणार आहोत.