सिमेंटच्या डीलरशिपच्या नावाखाली आमचे पावणेतीन लाख गेले

भांडुपला आमचं हार्डवेअरचं दुकान आहे, बाबांनी सुरू केलेलं. पाइप, कलर, खिळे-बिजागऱ्या, पुट्टी सगळं ठेवतो. सिमेंट मात्र दुसऱ्या डीलरकडून दहा-वीस गोण्या आणून विकायचो आणि त्यात गोणीमागे जेमतेम पाच-सात रुपये सुटायचे. आपल्या नावावर डीलरशिप पाहिजे हे बाबांच्या मनात कितीतरी वर्षं होतं. त्यांच्या लहानपणी सिमेंट सरकारी परमिटवरच मिळायचं, आजोबांनी गावच्या घरासाठी मारलेल्या खेपा त्यांना अजून आठवतात. ते नियंत्रण १९८२ ला अर्धवट उठलं आणि १९८९ ला पूर्ण, पण सिमेंटचा डीलर म्हणजे मोठा माणूस हे बाबांच्या डोक्यात तेव्हापासून पक्कं बसलंय. हे मुद्दाम सांगतेय, कारण फसवणाऱ्यांनी नेमकं तेच धरलं.

दुकानाचे हिशोब मी बघते, त्यामुळे फॉर्म पण मीच भरला. दिवाळीनंतरची गोष्ट. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला होता, बाबा म्हणाले आता मागणी वाढेल, बघ कुठे डीलरशिप मिळते का. मी गुगलवर एका मोठ्या सिमेंट ग्रुपचं नाव टाकून शोधलं आणि सगळ्यात वर जे आलं ते उघडलं. त्यावर बारीक अक्षरात स्पॉन्सर्ड, म्हणजे पैसे देऊन लावलेली जाहिरात, असं लिहिलेलं असतं ते मी बघितलंच नाही. ग्रुपचं नाव लिहीत नाही, कारण त्यांचा यात काही संबंध नाही, फक्त त्यांचं नाव वापरलं गेलं. एका घराण्याने उभा केलेला ग्रुप आहे, सिमेंट, पत्रे, टाइल्स सगळं बनवतात. त्या खोट्या साइटवर संस्थापकांचा जुना फोटो, मग मुलगा, मग नातू, कारखान्याचं भूमिपूजन, सगळं इतकं व्यवस्थित लावलेलं की बाबा चष्मा लावून एकेक फोटो बघत बसले होते. आपल्याकडे घराण्याच्या नावावर माणूस कागद न बघता विश्वास ठेवतो, आमचं तेच झालं.

फॉर्म भरल्यावर तासाभरात फोन. आधी एक जण हिंदीत बोलला, मी मुंबई झोनचा हेड म्हणून. दुसऱ्या दिवशी एक बाई, एकदम आपल्यासारखं मराठी. "काका, तुमच्या फाईलवर मोठ्या साहेबांनी स्वतः सही केलीय, भांडुपमध्ये एकच जागा होती, ती तुम्हाला दिली." बाबांनी फोन ठेवला आणि आईला हाक मारली.

मग पैसे सुरू झाले. रजिस्ट्रेशनचे ३५,५०० भरले, लगेच सर्टिफिकेट मेलवर आलं, होलोग्राम, शिक्का, सगळं होतं. बाबांनी ते लॅमिनेट करून दुकानात गणपतीच्या फोटोखाली लावलं. मग डिपॉझिट १,५०,००० (परत मिळणारं, असं तीन वेळा सांगितलं). मग पहिल्या ट्रकचे, १६ टन म्हणजे ३२० गोण्या, गोणी २७५ ने ८८,०००. आम्ही तेव्हा ३५० च्या आसपास घेत होतो. इतकी स्वस्त कशी असं मी विचारलं तर म्हणाले नवीन डीलरला पहिल्या लोडवर स्कीम असते, आणि मला ते पटलं.

मी काहीच तपासलं नाही असं नाही. त्यांच्या इन्व्हॉइसवरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून बघितला, खऱ्या कंपनीचंच नाव आलं, सुरुवातीला २७ म्हणजे महाराष्ट्र, सगळं जुळत होतं. इथेच मी निर्धास्त झाले. पण तो नंबर कंपनीच्या प्रत्येक बिलावर छापलेला असतो, कोणीही उचलून आपल्या खोट्या बिलावर टाकू शकतो. नंबर खरा आहे म्हणून बिल देणारा खरा आहे असं अजिबात नाही. बघायचं होतं ते खातं. नेट बँकिंगवर पैसे पाठवताना खातेदाराचं नाव दिसतं आता, तिथे कुठल्यातरी ट्रेडर्सचं नाव आलं होतं आणि आयएफएससीवरून ब्रँच दुसऱ्याच राज्यातली. मी फोन करून विचारलं तर म्हणाले ते आमचं डीलर कलेक्शनचं अकाउंट आहे. तेव्हाच थांबायला हवं होतं.

ट्रक यायचा त्या दिवशी बाबांनी सकाळी सहाला गोडाऊन झाडून घेतलं. जमिनीची ओल लागू नये म्हणून लाकडी फळ्या विकत आणून खाली विटा लावून आडव्या टाकल्या, भिंतीपासून जागा सोडली, दहा गोण्यांच्या वर थप्पी लावायची नाही म्हणून भिंतीवर खडूने रेघ मारली. दोन हमाल सांगून ठेवले होते, ते दुपारपर्यंत थांबले, त्यांची मजुरी द्यावी लागली. संध्याकाळी फोन आला की ट्रक भिवंडीला थांबलाय, ट्रान्झिट इन्शुरन्सचे ४२,००० भरा मग सुटेल. तिथे माझ्या पोटात खड्डा पडला.

तरी पोलिसांकडे जायला आम्ही पाच दिवस घालवले, कारण बाबा म्हणत होते असेल काहीतरी घोटाळा, एवढी मोठी माणसं फसवणार नाहीत. शेवटी मी आणि भाऊ त्या ग्रुपच्या खऱ्या ऑफिसला गेलो, सर्टिफिकेट घेऊन. रिसेप्शनवरच्या मॅडमनी ते हातात घेतलं आणि लगेच म्हणाल्या, हे आमचं नाही. मग आतून सेल्सचे एक साहेब आले, त्यांनी आम्हाला बसवून पाणी दिलं आणि समजावलं की त्यांचा माणूस आधी दुकान आणि गोडाऊन बघायला येतो, आजूबाजूला चौकशी करतो, त्याशिवाय पुढे काही होत नाही, आणि पैसे फक्त कंपनीच्या नावाच्या खात्यात. आमच्याकडे तर कोणी फिरकलंसुद्धा नव्हतं. एवढं साधं होतं!

तिथून खाली उतरून रस्त्यावरूनच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला, मग सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार टाकली. पाच दिवसांत पैसे चार-पाच खात्यांतून फिरून निघून गेले होते, ६१,४०० तेवढे एका खात्यात होल्ड झाले. पहिल्याच दिवशी फोन केला असता तर कदाचित जास्त अडकले असते, असं हेल्पलाइनवरच्या मॅडम म्हणाल्या. आमचे होल्ड झालेले पैसे परत मिळवायला कोर्टाची ऑर्डर लागेल असं सांगितलं, त्यासाठी अर्ज केलाय.

बाबांनी सर्टिफिकेट स्वतः काढलं, पण फाडलं नाही, पुरावा म्हणून फाईलला लावलंय. तपास अधिकारी म्हणाले त्याच खात्यांवर आणखी तक्रारी आल्या तर एकत्र जोडता येतात. त्यामुळे सिमेंट, पत्रे, टाइल्स कशाच्याही डीलरशिपसाठी कोणी असे पैसे भरले असतील तर लोक काय म्हणतील म्हणून गप्प बसू नका, आजच १९३० ला लावा, आणि पैसे पाठवल्याचा मेसेज, मेल, कॉलचे नंबर यातलं काही डिलीट करू नका.